गाडी वळेना

भिवंडीजवळ अंजूरला आमच्या घरात सकाळी पहिला आवाज ग्राइंडरचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचं फॅब्रिकेशनचं काम होतं. ओटीपुढच्या अंगणात पत्र्याची शेड घालून त्यांनी वेल्डिंगचं मशीन मांडलं होतं, आणि मानकोलीकडे रोज नवीन उभ्या राहणाऱ्या गोडाऊनची शटरं, शिड्या, खिडक्यांच्या जाळ्या तिथे तयार व्हायच्या. ग्राइंडर सुरू झाला की घरातलं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं. आई चुलीपाशी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि मला काही हवं असलं तर मी तिच्यासमोर उभी राहून नुसते ओठ हलवायची. चहा, डबा, बसचे सुटे पैसे, सगळं तिला कळायचं. ग्राइंडर थांबला की मग एकदम कान मोकळे व्हायचे, आणि खाडीकडून येणारा वारा, भाकरी तव्यावर फुगल्याचा बारीक सुस्कारा, मागच्या दारी आईने वाळत घातलेल्या जवळ्यावर टपलेले कावळे, असं एकेक ऐकू यायला लागायचं. जळक्या लोखंडाचा आणि सुक्या जवळ्याचा तो एकत्र वास मला अजून कुठे आला नाही. आलाच तर मी ओळखीन.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला होते, मेकॅनिकलला. वर्गात आम्ही दोनच मुली. दुसरी समीना. ती भिवंडी शहरातली, कोकणी मुसलमान घरातली. खाली त्यांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि वर घर. तिच्याकडे गेलं की जिन्यावरच पायांना लूमची थरथर लागायची, आणि वरच्या मजल्यावर ठेवलेल्या चहाच्या कपात बारीक वर्तुळं उठायची. तिच्या अम्मीला त्या खडखडाटाची एवढी सवय होती की वीज गेली की त्या दचकून स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आणि विचारायच्या, "क्या हुआ? सब ठीक है ना?"

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा असतो. मुलांनी आपापले ग्रुप केले आणि त्यात आम्हा दोघींना कुणी घेतलं नाही. भांडण वगैरे काही नव्हतं, मोजताना आम्ही मोजल्याच गेलो नाही. बरेच ग्रुप मुंबईहून तयार प्रोजेक्ट आणायचे, वर स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवायचे. समीना म्हणाली, "आपण खरंच काहीतरी बनवू. आमच्या लूममध्ये दोन रांगांच्या मधे जागा केवढीशी आहे. कपड्याचे ताके खांद्यावर घेऊन माणसं आडवी आडवी चालतात. एक छोटी गाडी बनवली, जी तिथल्या तिथे फिरेल, तर?" आमच्या सरांनी कल्पना ऐकून मान हलवली. "चांगली आहे. पण वळली पाहिजे हं. सरळ तर हातगाडीपण जाते."

गाडीची रीत सोपी होती. मोटारीची पुढची चाकं स्टिअरिंगने वळतात, तसं आमच्या गाडीत नव्हतं. चारही चाकं फ्रेमला घट्ट, प्रत्येकाला एक मोटर. डावीकडची दोन चाकं एका बटणावर, उजवीकडची दोन दुसऱ्या बटणावर, आणि ती दोन्ही बटणं एका लांब वायरच्या टोकाला असलेल्या डब्यात. दोन्ही बाजू पुढे केल्या की गाडी पुढे. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे केली की गाडी जागच्या जागी गिरकी घेणार. कागदावर ती फार छान फिरायची. मोटर म्हणून जुन्या टेम्पोंच्या वायपरच्या मोटरी मिळवल्या, चाकं सामानाच्या ट्रॉलीची, जाड रबराची, आणि बॅटरी एका भंगारातल्या जीपची.

फ्रेम मात्र दादांनी केली, आणि ती मी न सांगता केली. मी मेकॅनिकल घेतलं त्यावर ते कधी काही बोलले नव्हते. नातेवाईक विचारायचे, पोरगी लोखंडाचं शिकून काय करणार, तेव्हाही ते गप्प असायचे. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला लागत नसे. एका रविवारी मी समीनाच्या घरून परत आले तर शेडमध्ये फ्रेम तयार. चौकोनी पाइपची, कोपरे गोल घासलेले, वेल्डिंगचा एक टाका बाहेर दिसत नव्हता. वर शटरचा उरलेला निळा रंग, दोन हात मारून. लांबीला ती तान्ह्या मुलाच्या पाळण्याएवढी होती आणि रुंदीला जेमतेम निम्मी. "सामान ठेवाला जागा पायजे ना," दादा म्हणाले आणि हात पुसत आत गेले. शेजारचा बाळूकाका ती बघायला आला होता. आईने मला हळूच सांगितलं की तो आपणहून आला नव्हता, दादांनीच त्याला बोलावून आणलं होतं.

सगळं जोडून गाडी पहिल्यांदा अंगणात सोडली तेव्हा ती निघाली सरळ आणि तुळशीपाशी पोचेपर्यंत डावीकडे वळून गटारात गेली. उचलून पुन्हा सोडली, पुन्हा गटारात. आई दारातून बघत होती. "चिंबोरी हाय ही," ती म्हणाली. "वाकडीच चालते." घरात तेव्हापासून तिचं नाव चिंबोरी, म्हणजे खेकडी, पडलं.

आम्हाला वाटलं, उजवीकडच्या मोटरी जास्त जोरकस असतील. म्हणून समीनाच्या घरी नेऊन दोन्ही बाजूंच्या मोटरींची अदलाबदल केली. दुपार त्यातच गेली. सोडली, तर चिंबोरी पुन्हा डावीकडेच. समीनाने पेचकस खाली टाकला. "अरे यार, मोटर बदलली तरी डावीकडे? मग दोष मोटरचा नाहीच."  मग तिने गाडी उलटी चालवून पाहिली, आणि मागे जाताना दुसरी बाजू जोरात धावायला लागली. तेव्हा उलगडा झाला. वायपरची मोटर एका दिशेला फिरायला बनवलेली असते. त्या दिशेला ती जोमाने फिरते, उलटी फिरवली की जरा रेंगाळते. आमच्या गाडीत समोरासमोर बसवल्यामुळे उजवीकडच्या मोटरी सुलट्या फिरत होत्या आणि डावीकडच्या उलट्या. म्हणजे उजवी बाजू जरा आवरायला हवी होती. अम्मींची जुनी विजेची शेगडी माळ्यावर पडली होती. तिच्या कॉइलचा बोटभर तुकडा समीनाने उजव्या बाजूच्या वायरीत मधे घातला. जास्तीचा जोर त्या तुकड्यात जिरला आणि गाडी नाकासमोर चालायला लागली. मागे जाताना ती थोडी तिरकी जायची ती जायचीच, ते आम्ही सोडून दिलं.

त्याच दुपारी हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर आम्ही ती वळवूनही पाहिली. सुरेख गिरकी घेतली. अम्मींनी टाळी वाजवली आणि सांदण वाढले, वाफवलेले, गोड, नारळाच्या दुधाचे. "खाके जा बेटा, बस पळून जात नाही." मी इतके खाल्ले की अंजूरला जाणाऱ्या बसमध्ये मला डुलकी लागली.

कॉलेजात वर्कशॉपच्या सिमेंटच्या खरबरीत जमिनीवर सरांसमोर ती ठेवली, दोन्ही बटणं दाबली आणि चिंबोरीने वळायला नकार दिला. मोटरी कण्हायला लागल्या, फ्रेम थरथरली, मग एक चाक उचललं जाऊन धप्पकन आपटलं, मग दुसरं. जागच्या जागी उड्या मारत ती कशीबशी इंचभर सरकली आणि वायरीतून जळका वास आला. मुलं हसली. सर हसले नाहीत, पण त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. "परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार आहेत. अजून वेळ आहे. हवं तर एखादा तयार प्रोजेक्ट आणा. मी काही म्हणणार नाही." त्यांना आमचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.  बसमध्ये समीना म्हणाली, "तयार आणायचा नाही."

चिंबोरी पुन्हा अंजूरला आली. अंगणातली जमीन वर्कशॉपसारखीच खरबरीत, तिथे रोग लगेच दिसायचा. आम्ही गाडी विटांवर चढवली, चाकं अधांतरी, आणि बटणं दाबली. चारही चाकं छान फिरली. म्हणजे मोटरी ठीक होत्या. बॅटरी भरून घेतली, फरक नाही. बारीक वायरी काढून जाड घातल्या, त्यामुळे जळका वास गेला, उड्या तशाच राहिल्या. चाकांना आसाला धरून ठेवणारे स्क्रू आवळले. आज, इतक्या वर्षांनी, मी मानकोलीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये अशाच, पण आपोआप चालणाऱ्या, कितीतरी शहाण्या गाड्यांची देखभाल बघते. गाडी वळेनाशी झाली की आमची नवी मुलं आधी लॅपटॉप उघडतात. मी त्यांना सांगते, आधी उचलून चाकं फिरवून बघा. माझं म्हणणं त्यांना जुनाट वाटतं, पण उचलतात बिचारे.

मग मला एक सुचलं. घराला रंग द्यायला आणलेला चुना पडला होता. तो सुका चुना मी अंगणात पसरला, गाडी त्यावर ठेवली आणि समीनाला बटणं दाबायला सांगितलं. गाडी उड्या मारत थोडी फिरली. तिला उचलून बाजूला ठेवलं आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून खुणा बघायला लागलो. चाक पुढे फिरल्याची खूण लांबट, सरळ असायला हवी होती. इथे प्रत्येक चाकाखाली आडवा फराटा होता, हाताने चुना पुसावा तसा. चारही कोपऱ्यांत तेच.

"ही चाकं फिरत नाहीत, घासत जातायत," मी म्हटलं. "आडवी."

समीना बोटाने चुन्यात रेघा ओढायला लागली. चारही चाकं घट्ट असतील तर गाडी वळताना ती आडवी घासणारच, त्याला इलाज नाही. पण पुढची चाकं मागच्या चाकांपासून जितकी लांब, तितका आडवा फराटा मोठा. आणि दोन बाजू एकमेकींच्या जितक्या जवळ, तितकी त्या घासण्यावर मात करायची ताकद कमी. तिच्या घरच्या गुळगुळीत फरशीवर चाकं निसटत होती म्हणून ते लपलं होतं. तिने रेघा पुसल्या आणि शेडकडे पाहिलं. दादा आत शिडीचे पाय जोडत होते. "फ्रेम लांब आहे, कविता," ती हळू आवाजात म्हणाली.

ते मलाही तेव्हाच कळलं होतं. पण मी म्हटलं, आधी दुसरं काहीतरी करून बघू. गोडाऊनमध्ये खोकी बांधायची प्लास्टिकची चिकटपट्टी लागते, ती आमच्या गावात कुणाच्याही घरी सापडायची. मागच्या चाकांवर ती गुंडाळली. चाकं घसरायला लागली आणि गाडी बऱ्यापैकी वळली. आम्ही खूश झालो. तेवढ्यात पट्टी फाटून आसात गुंतली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा फाटली. त्यात गाडीवर वजन ठेवलं की मागची चाकं नुसती जागेवर फिरायची. तो उपाय नव्हता. संध्याकाळी समीना घरी जाताना म्हणाली, "मी सांगू का दादांना?" मी नको म्हटलं.

त्या रात्री दादा जेवून ओटीवर बसले होते. मी त्यांना अंगणात नेलं, चुन्यातले फराटे दाखवले, सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. उकिडवे बसून ते फराट्यावर बोट फिरवत राहिले.

"म्हंजी मी बनवलंय त्येच चुकलंय," ते म्हणाले.

"चुकलं नाही दादा. लांब आहे फक्त."

"लांब हाय म्हंजीच चुकलंय ना."

 ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी चहा न घेताच मानकोलीला कामावर गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. घरात कुणी कुणावर रागावलं नव्हतं, पण जेवताना ताटांचाच आवाज ऐकू यायचा. आईने एक दिवस चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं, दादांच्या आवडीचं, आणि ते एकच घेऊन उठले. आई मला म्हणाली, "तुला काय म्हाईत. रंग देताना तो माणूस गाणं बोलत व्हता." मी ओटीवरच्या त्या निळ्या फ्रेमकडे बघायचं टाळायची. मनातल्या मनात मी तयार प्रोजेक्टचा विचारही करून पाहिला. निदान घरातला हा अबोला तरी जाईल, असं वाटलं.

मग एका दुपारी, समीना आलेली असताना, दादा कामावरून लवकर आले. हातपाय न धुता त्यांनी गाडी उचलून शेडमध्ये नेली, बॅटरी आणि मोटरी सोडवल्या, फ्रेम शिकंज्यात धरली आणि ग्राइंडर हातात घेतला.

"किती कापाचा?"

मी समीनाकडे पाहिलं, समीनाने माझ्याकडे. लांबी कमी हवी एवढं आम्हाला कळत होतं. किती, ते कळत नव्हतं.

"मला माहीत नाही, दादा."

 ते हसले, किती दिवसांनी. "तुला ठाव न्हाय? तीन वरसं शिकलीस त्या कालेजात!"

"पुस्तकात सरळ उत्तर नाही त्याचं. जमिनीवर पण असतं, वजनावर पण असतं. करूनच बघायला लागेल."

"मंग एकदा कापला आन जास्ती झाला त परत कुठून आणाचा?"

त्या प्रश्नावर आम्ही तिघं शेडमध्ये बसलो. आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला. समीना म्हणाली, पुढची चाकं मागेपुढे सरकवता आली तर बरं. मी म्हटलं, पाइपच्या आत पाइप घातला तर. दादांनी तो विचार पूर्ण केला. बाहेरच्या पाइपला भोकं पाडायची, आतला सरकवायचा आणि हव्या त्या भोकात बोल्ट घालून पक्का करायचा, गोडाऊनच्या सरकत्या शिडीसारखं. त्यांनी फ्रेम मधोमध कापली. निळा रंग जळून त्याचा धूर झाला. ग्राइंडरच्या ठिणग्या दाराबाहेर पडत होत्या, आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. एखादं नवीन काम हाती आल्यावर असायचा तसाच होता.

पुढचे काही दिवस आमचं अंगण म्हणजे शाळा झाली. एका भोकावर गाडी बसवायची, सोडायची, फराटे बघायचे, पुढच्या भोकावर घ्यायची. एकेका भोकाला उड्या कमी होत गेल्या. लांबी रुंदीएवढी झाली तेव्हा ती भोवऱ्यासारखी फिरली, आणि बाळूकाकाची मुलं ओरडायला लागली. पण मग वजन ठेवून ती झटक्यात सुरू केली तर नाक वर करून मागे कलंडायची. पुन्हा थोडी लांब केली. जीपची बॅटरी मागे बसवली होती, ती दादांनी मधोमध आणली, कारण मागच्या चाकांवर सगळा भार आल्यामुळे ती जमिनीला जास्त चिकटत होती. हे मात्र समीनाने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते खरं निघाल्यावर तिने दादांकडून दोनदा वदवून घेतलं. शेवटी एक भोक असं सापडलं की गाडी वजन घेऊन न कलंडता वळायची. थोडी कुरकुरायची, पण वळायची. दादांनी त्या भोकाभोवती लाल रंगाचा गोल काढला.

परीक्षेच्या दिवशी वर्कशॉपमध्ये आलेले परीक्षक पिकल्या केसांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. आधीच्या टेबलांवर त्यांनी कागद चाळले, प्रश्न विचारले, पुढे गेले. आमच्यापाशी आल्यावर त्यांनी कोपऱ्यातली हत्यारांची जड पेटी दाखवली. "ही ठेवा तिच्यावर. आणि त्या दारात नेऊन वळवून परत आणा." दार अरुंद होतं. मी बटणं धरली, समीना वायर सांभाळत मागे चालली. चिंबोरी दारापर्यंत सरळ गेली. दारात मी डावी बाजू पुढे, उजवी मागे केली. ती कुरकुरली, थांबली असं वाटलं, आणि मग ती संथपणे, पेटी घेऊन, चौकटीला न लागता पूर्ण फिरली. वर्गातली मुलं जवळ आली होती. येताना एक चाक डगमगायला लागलं, स्क्रू ढिला झाला होता. समीनाने तिथेच जमिनीवर बसून तो आवळला आणि परीक्षकांना म्हणाली, "सर, आता आणखी एकदा बघा." त्यांनी पाहिलं. मग वाकून त्यांनी ती भोकं, बोल्ट, लाल गोल बघितला आणि विचारलं, "ही युक्ती कुणाची?"

मी म्हटलं, "तिघांची, सर. आम्ही दोघी आणि माझे वडील."

"वडील काय करतात?"

"फॅब्रिकेटर आहेत."

त्यांनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. आमचे सर मात्र मागे थांबले. त्यांनी स्वतः बटणं हातात घेतली आणि गाडी दोनदा गरागरा फिरवली.

त्या संध्याकाळी दादा आम्हाला न्यायला टेम्पो घेऊन आले होते. वाटेत मानकोलीला ते काम करत असलेल्या गोडाऊनपाशी त्यांनी टेम्पो थांबवला. आतलं काम संपलं होतं, सामान अजून आलं नव्हतं. शटर वर केलं तर समोर नवी कोरी, राखाडी, तुळतुळीत जमीन, पार लांबपर्यंत मोकळी. "उतरव तिला," दादा म्हणाले. त्यांनी गाडी कधी चालवलेली नव्हती. बटणांचा डबा मी त्यांच्या हातात दिला. पहिल्याच फटक्यात त्यांनी डावं-उजवं उलटं धरलं आणि चिंबोरी त्यांच्याच पायांवर आली. समीना हसून खाली बसली. मग त्यांना हात बसला. गाडी पुढे नेली, वळवली, मागे आणली, पुन्हा वळवली. वायरीच्या मागे मागे, जोडे काढून, माझे वडील त्या मोठ्या रिकाम्या गोडाऊनमध्ये गोल गोल चालत होते, आणि चिंबोरी त्यांच्यापुढे गिरक्या घेत होती. मी हाक मारली, "दादा, बॅटरी संपेल." ते थांबले नाहीत. "संपू दे," ते म्हणाले, "भरू की परत." आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि आईने दिलेला डबा उघडला. त्यात भाकरी आणि कांदा घालून परतलेला जवळा होता. समीनाने पहिला घास घेतला आणि दादांसाठी एक भाकरी झाकून ठेवली. ते काही लवकर येणार नव्हते.